तिसरा हात

अखसाच्या टेबलावर दोनच पेन्सिली,
एक निळी, एक विटकरी.
घर हायफाच्या उतारावर, खिडकीत बंदराच्या क्रेन,
आणि तिच्यासमोर ते पान
ज्यात सगळं जग बुडतं आणि एक तारू तरंगतं.

"मोज," म्हणाली.
मी नर्स. मोजणं हा माझा धंदा:
नाडी, थेंब, गोळ्या.
इथे पाऊस चाळीस दिवस.
इथे पाणी दीडशे दिवस चढलेलं.
इथे प्रत्येक प्राण्याची एक जोडी,
थोडं खाली, शुद्ध प्राण्यांच्या सात.

"कुणीतरी चुकलंय."
"कुणी चुकलं नाही गं. दोघं सांगत होते.
एक देवाला नावाने हाक मारतो,
दुसरा नुसतं देव म्हणतो.
मग फार वर्षांनी तिसरा आला,
दोन्ही गुंडाळ्या मांडीवर घेऊन बसला
आणि दोन पेडांचा एक दोर वळला."

तिने मला खूण शिकवली.
मधे काही घुसडलं की लिहिणारा
शेवटी मागचेच शब्द पुन्हा म्हणतो.
वाट सोडून विहिरीकडे गेलेला माणूस
पाणी पिऊन त्याच दगडापाशी परत येतो, तसा.
तोच दगड दोनदा दिसला
की समज, मधे विहीर आहे.

"आणि हे सगळं खोटं निघालं तर?"
"निघेलही. म्हणून तर पेन्सिल."
मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता,
"खरवडायला चाकू असायचाच लेखनिकाकडे.
इथे त्याने तो वापरला नाही.
तीस वर्षांत मला त्याच्याबद्दल
एवढंच कळलं."

पापा गेले ते हिवाळ्यात.
तिसाव्या दिवशी वाचायला एक पान हवं होतं:
बोहोर इझमीरहून कसा आला.

अखसाला आठवतं: बोटीवर अकरा दिवस,
डेकवर कुणाची तरी बकरी.
ती तेव्हा चार वर्षांची.
मी आईच्या पोटात. माझ्याकडे आईचं सांगणं:
चार रात्री. बकरीबिकरी काही नाही,
बकरी असती तर पोरीला दूध नसतं मिळालं?
तीन संध्याकाळी आम्ही फोनवर भांडलो.
चौथ्या दिवशी म्हणाली, मी लिहिते, तू वाच.

पान पोस्टाने आलं.
रात्रपाळीत, टेबलावरच्या दिव्याखाली उघडलं.
सगळं आईचंच, तिच्याच शब्दांत,
कडक पाव, ओकाऱ्या, उसनं ब्लँकेट.
मला जरा लाजच वाटली.
मग:

*किनारा दिसेनासा झाला तेव्हा बोहोरने टोपी काढली.*
*डेकवर एक बकरी दोराने बांधलेली होती.*
*अकरा दिवस ती समुद्राकडे पाठ करून उभी राहिली.*
*किनारा दिसेनासा झाला, बोहोरने टोपी काढली,*
*आणि चौथ्या रात्री दिवे दिसले.*

तोच दगड.
दोनदा.
मी मधल्या ओळींवर बोट ठेवलं
आणि वॉर्डात एकटीच हसले,
सात नंबरचा म्हातारा जागा झाला.

तिला ठाऊक होतं मी शोधीन.
टाका लपवला असता तर लपला असता,
तिच्याइतका तो कुणाला येतो?

खोडरबर माझ्याकडे होतं.
फळं कापायचा चाकूही होता, उगाच सांगते.
हाताला लागली ती तापाच्या तक्त्याची हिरवी पेन्सिल.
बकरीच्या ओळीखाली जागा थोडी होती.
बारीक अक्षरात लिहिलं:

*तिचा एक कान फाटलेला होता.*

हे मला कुणी सांगितलं,
आता आठवत नाही.

तिसाव्या दिवशी अखसाच्या मुलाने, एलादने, पान वाचलं,
चार रात्री, अकरा दिवस, एका दमात,
कुणी अडवलं नाही.
कानापाशी आला तेव्हा
समोरच्या खुर्चीत अखसाने मान वर केली
आणि माझ्याकडे बघतच
पर्समध्ये हात घालून
काहीतरी चाचपू लागली.